खड्ड्यांच्या वाटेवर स्पोर्टी गाडी: रोज चालवायची तर कोणतं व्हर्जन घ्यावं?

मी मास्तर माणूस. रोज लातूरहून रेणापूर आणि तिथून फाट्याला वळून बारा किलोमीटर आत शाळेच्या गावाला जातो. रेणापूरपर्यंत तक्रार नाही. पुढचे बारा किलोमीटर मात्र पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसराच रस्ता असतात.

अशा रस्त्यासाठी मी चार वर्षांपूर्वी एक स्पोर्टी व्हर्जन घेतलं. लाल शिलाईच्या सीटा, मागे दोन नळ्यांचा सायलेन्सर आणि मोठाली काळी अलॉय चाकं. टेस्ट ड्राइव्ह लातूरच्या रिंगरोडवर झाली. गाडी अशी पळाली की तिथंच चेक काढला. पहिल्या पावसाळ्यात दोन अलॉय बेंड झाले, एका टायरला फुगा आला. मागच्या सीटवर बसलेले आमचे आबा दवाखान्यातून परतताना म्हणाले, "मास्तर, परतीला आपली एसटीच बरी व्हती."

दीड वर्षात ती गाडी विकली. दुसरी घेतली तीही स्पोर्टीच, पण या वेळी आधी हिशोब केला. "आपल्या रस्त्यावर स्पोर्टी गाडी घेऊच नये" असं सांगणारे भरपूर भेटतात. मी त्यातला नाही. माझं म्हणणं एवढंच की इंजिन स्पोर्टी घ्या, चाकं घरगुती ठेवा. हे कसं जमवायचं ते क्रमाने सांगतो.

१. शोरूमला जाण्याआधी स्वतःचा रस्ता मोजा

एक आठवडा वहीत नोंद करा. रोजच्या किलोमीटरपैकी चांगलं डांबर किंवा सिमेंट किती, उखडलेला रस्ता किती, मुरमाचा कच्चा किती. कोणी समृद्धीवरून जालन्याला जातो, कोणी बीड जिल्ह्यातल्या वाडी-तांड्यावर. दोघांना एकच गाडी सुचवणारा माणूस गाडी विकणाराच असतो.

आपल्याकडच्या रस्त्याचा एक खास स्वभाव आहे. खाली काळी माती. पाण्याने ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर कितीही डांबर ओतलं तरी खालची जमीन हलत राहते. त्यामुळे खड्डा नसलेल्या रस्त्यालाही लाटा येतात. खड्डा आणि लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खड्ड्याची धार टायर आणि रिमला मारते, लाट सस्पेन्शनची परीक्षा घेते. थोडं कडक सस्पेन्शन लाटांवर उलट चांगलं वागतं. मऊ गाडी ऐंशीच्या स्पीडला होडीसारखी डोलते, कडक गाडी एकदाच उचलून बसते. म्हणजे कडक सस्पेन्शन हा आपला शत्रू नाही. खरा शत्रू पातळ टायर आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

गतिरोधकही मोजा. हसू नका, मी मोजले आहेत. गवंड्याची सुतळी गतिरोधकाच्या माथ्याच्या पातळीला दोन्हीकडून ताणून धरायची आणि सुतळीपासून रस्त्यापर्यंत टेप लावायचा. पोरांनी सुतळी धरली, मी टेप. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. आमच्या वाटेवर गावकऱ्यांनी रातोरात केलेला एक गतिरोधक भरला ६० सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर उंच. हा आकडा लिहून ठेवा, चौथ्या पायरीला लागेल.

२. बिल्ल्याखाली काय आहे ते उकरून काढा

'स्पोर्टी' म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या तीन जातीच्या असतात. काहींचे फक्त कपडे बदललेले असतात. काहींना कपड्यांबरोबर दमदार इंजिन मिळतं. उरलेल्यांत सस्पेन्शन, स्टिअरिंग, सायलेन्सर आणि चाकं हेही बदललेलं असतं.

फोक्सवॅगन व्हर्टस घ्या. 'जीटी लाइन' आणि 'जीटी प्लस' ही नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात. पण जीटी लाइनमध्ये १.० लिटरचं ११५ पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप, साधारण हॉर्सपॉवरच) इंजिन येतं आणि जीटी प्लसमध्ये १.५ लिटरचं १५० पीएसचं. नावातला एक शब्द चुकला की इंजिन चुकलं.

ह्युंदाई आय२० एन लाइन २०२१ साली आली ती १.० लिटर टर्बो (हवा दाबून ताकद वाढवणारं इंजिन), १२० पीएस आणि ओढायची ताकद, म्हणजे टॉर्क, १७२ न्यूटन मीटर घेऊन. तेव्हा हेच इंजिन साध्या आय२०मध्येही मिळायचं. एन लाइनचं वेगळेपण कडक केलेलं सस्पेन्शन, जड स्टिअरिंग आणि सायलेन्सरचा आवाज यात होतं. २०२३च्या बदलानंतर साध्या आय२०मधून टर्बो गेलं. म्हणजे टर्बो हवं असेल तर एन लाइनचं कडक सस्पेन्शनही पदरात येणार. त्याच कंपनीची क्रेटा एन लाइन मार्च २०२४ला आली. तिचं १६० पीएसचं इंजिन साध्या क्रेटाच्या वरच्या व्हेरियंटमध्येही दिलं होतं, पण तिथे फक्त ऑटोमॅटिक होतं. हाताचा गिअर हवा असणाऱ्याला एन लाइनकडेच यावं लागलं.

टाटा अल्ट्रोझ रेसर जून २०२४ची. अल्ट्रोझच्याच आधीच्या टर्बो व्हर्जनला, आयटर्बोला, ११० पीएस होते, रेसरला १२० पीएस, १७० न्यूटन मीटर आणि सहा गिअर मिळाले. टायर मात्र साध्या अल्ट्रोझच्या वरच्या व्हेरियंटचाच राहिला. मी म्हणतो ते 'घरगुती चाकं' हेच.

कामाची युक्ती सांगतो. शोरूममध्ये "स्पोर्टीमध्ये काय जास्त आहे?" असं विचारू नका, पाच मिनिटं लाल शिलाईच ऐकावी लागेल. "साध्या टॉप व्हेरियंटपेक्षा इंजिन, स्प्रिंग-शॉकअप, टायर साइज आणि गिअरबॉक्स या चारपैकी काय बदललंय?" असं विचारा. उत्तर ब्रोशरवर पेनाने लिहून घ्या.

३. टायरची भिंत मोजा, सगळ्यात महत्त्वाचं हेच

टायरवर लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ २१५/५५ आर१८. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टक्के, म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत, ज्याला साइडवॉल म्हणतात, तितकी उंच. शेवटचा आकडा रिम किती इंची ते सांगतो. गणित सोपं आहे: २१५ चे ५५ टक्के म्हणजे ११८ मिलिमीटर.

आता तुलना करा. क्रेटा एन लाइनला २१५/५५ आर१८ टायर, भिंत ११८. साध्या क्रेटाच्या वरच्या व्हेरियंटला २१५/६० आर१७, भिंत १२९. अकरा मिलिमीटर म्हणजे बोटाची जाडीही नाही, पण खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये जे रबर आहे ते एवढंच. व्हर्टसचा २०५/५५ आर१६ सुमारे ११३. अल्ट्रोझ रेसरचा १८५/६० आर१६ म्हणजे १११. आय२० एन लाइनचा १९५/५५ आर१६ म्हणजे १०७. नव्या स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटचा १८५/६५ आर१५ म्हणजे १२०. आणि परदेशी बनावटीच्या हॉट हॅचना (छोट्या पण जोरदार गाड्यांना) येतो तसा २२५/४० टायर असेल तर भिंत फक्त ९०. तसली गाडी समृद्धीवर मिरवा, फाट्याला वळवू नका.

माझी फुटकी पट्टी अशी: रोजच्या वाटेत दहा किलोमीटरपेक्षा जास्त उखडलेला रस्ता असेल तर ११०च्या खाली उतरू नका. हे कुठल्या पुस्तकात नाही. दोन बेंड झालेल्या अलॉयनी शिकवलेलं आहे.

रेणापूरच्या पंक्चरवाल्याने मला एक गोष्ट दाखवली. त्याने माझा बेंड झालेला अलॉय पाण्याच्या टाकीत बुडवला. टायर शाबूत होता, पण रिम आणि टायरच्या सांध्यातून बारीक बुडबुडे येत होते. "सर, तुम्ही तीन वेळा पंक्चर काढून नेलं. पंक्चर नव्हतंच. रिम हाणलाय." दर चार दिवसांनी एका चाकाची हवा कमी होत असेल तर तुम्हीही रिम बुडवून बघा. आणि टायरला बाजूने फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. तो दुरुस्त होत नाही, तसा टायर पुढच्या चाकाला तर अजिबात ठेवू नका.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. पहिलं, बाहेरून आणखी मोठी अलॉय बसवणं. दिसतं झकास, पण भिंत आणखी पातळ होते आणि पुढे वॉरंटीची कटकट सुरू होते. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चे निर्बंध आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरले. दुसरं, स्टेपनी न बघणं. मोठ्या अलॉयच्या गाडीला बऱ्याचदा लहान साइजची स्टेपनी असते. ती लावून शाळा गाठता येईल, लग्नाला नांदेड गाठायला जाऊ नका.

घेताना खालच्या व्हेरियंटची चाकं लावून मिळतील का, हे विचारायला लाजू नका. क्रेटाचंच बघा: १८ इंची आणि १७ इंची या दोन्ही चाकांचा पूर्ण व्यास जेमतेम चार मिलिमीटरने वेगळा आहे. पण ब्रेकचं कॅलिपर बसतं का आणि वॉरंटी राहते का, हे सर्व्हिस मॅनेजरकडून लेखी घ्या. तोंडी "हो सर" ला किंमत नाही.

४. गाडीचं पोट

ब्रोशरमधला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटापासून रस्त्यापर्यंतचं अंतर, रिकाम्या गाडीचा असू शकतो. व्हर्टसचा १७९ मिलिमीटर, अल्ट्रोझचा १६५, क्रेटाचा १९०. चार मोठी माणसं आणि डिकीत ज्वारीचं पोतं टाकलं की माझ्या आधीच्या गाडीचं पोट जवळपास तीन सेंटिमीटर खाली यायचं. मी टेपने मोजलेलं आहे.

आता तो गावठी गतिरोधक आठवा. नियमाप्रमाणे बांधलेला ३.७ मीटर रुंद गतिरोधक गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा मोठा असतो. चाकंही त्याच्याबरोबर चढतात, त्यामुळे पोटाचं अंतर साधारण पाच सेंटिमीटरच खाल्लं जातं. पण ६० सेंटिमीटरचा उंचवटा दोन चाकांच्या मध्ये अख्खा मावतो. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मध्ये पूर्ण १६ सेंटिमीटरचा दगड. अल्ट्रोझचे १६५ मिलिमीटर आणि वर चार माणसं, गणित तुम्हीच करा. म्हणून एका सपाट आकड्यावर जाऊ नका. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली सेडान लांब उंचवट्यावर लवकर टेकते, छोटी हॅचबॅक सुटते.

स्पोर्टी व्हर्जनमध्ये आणखी एक बघा: बंपरच्या खालची ओठासारखी पट्टी आणि दारांखालचे स्कर्ट. हे प्लास्टिकचे असतात आणि सगळ्यात आधी तेच टेकतात. माझ्या पहिल्या गाडीची पुढची पट्टी शेताच्या बांधावर राहिली, अजून तिथेच असेल.

स्प्रिंगखाली रबराचे स्पेसर टाकून गाडी उंच करून देणारे गॅरेजवाले भेटतील. करू नका. वळणावर गाडी कलंडल्यासारखी होते आणि वॉरंटीही अडचणीत येते.

५. गिअरबॉक्स: ऊस डोळ्यासमोर ठेवून निवडा

दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टरच्या नावाने कधी फाटका कपडा. त्यांच्यामागे मैलभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगावं लागतं. ड्राय क्लचच्या ड्युअल क्लच ऑटोमॅटिकला (दोन क्लच आलटूनपालटून आपोआप गिअर बदलतात तिला) नेमकं हेच सोसत नाही. त्यातला क्लच तेलात बुडालेला नसतो. रांगत चढताना तो अर्धवट घासत राहतो आणि तापतो, मग स्क्रीनवर इशारा येतो. व्हर्टसच्या १.५ इंजिनाबरोबर येणारी सात स्पीडची डीएसजी आणि आय२० एन लाइनची सात स्पीडची डीसीटी, नावं वेगळी पण दोन्ही ड्राय क्लचच्या ड्युअल क्लचच आहेत. व्हर्टसच्या १.० इंजिनाबरोबर आलेली सहा स्पीडची ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरची होती, म्हणजे घासणाऱ्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी. रांगण्याला ती जास्त सोशिक.

ड्राय क्लच घेतलीच असेल तर ट्रॉलीमागे इंच-इंच सरकू नका. अंतर पडू द्या, मग एकदम पुढे जा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा.

हाताच्या गिअरचंही एक आहे. छोटी टर्बो इंजिनं पंधराशे आरपीएमच्या खाली झोपलेली असतात. खड्ड्यांतून दुसऱ्या गिअरमध्ये हळू जाताना गाडी ढेकळात अडकल्यासारखी वाटते आणि पाय दाबला की अचानक उसळते. दोन दिवसांत सवय होते. आधी माहीत नसेल तर इंजिन खराब आहे असं वाटतं, मलाही वाटलं होतं.

"किती देते?" हा प्रश्न येणारच. माझी आत्ताची गाडी गावाकडच्या रस्त्यावर तेरा-चौदा देते, मोठ्या रस्त्यावर शांत चालवली तर सतरा.

६. टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर, तुमच्या माणसांबरोबर

शोरूमवाले ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर नेतात. आदल्या दिवशी फोन करून "मला तीस किलोमीटर कच्च्या रस्त्यावर न्यायचीय" असं स्पष्ट सांगा. नाही म्हणाले तर दुसऱ्या शहरातल्या डीलरला विचारा. नांदेड, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कुठेतरी हो म्हणतात.

सोबत न्या: मोजायचा टेप, टायरची हवा तपासायचं गेज, टॉर्च आणि घरातला सगळ्यात जास्त कुरकुर करणारा माणूस. त्याला मागे बसवा. आधी गेजने हवा तपासा, कारण हवा कमी ठेवली असेल तर गाडी मऊ वाटते आणि तुम्ही फसता. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किती हवा हवी ते लिहिलेलं असतं. मग एकच खड्ड्यांचा पट्टा आधी साध्या व्हर्जनने आणि मग स्पोर्टीने, वीस आणि चाळीसच्या स्पीडला पार करा. दोन गाड्या एकाच दिवशी चालवल्याशिवाय फरक कळत नाही, आठवड्याने चालवली तर आधीचं विसरतं.

मी दुसऱ्या वेळी आबांनाच नेलं. ते आधी काही बोलले नाहीत. तिसऱ्या खड्ड्यानंतर पानाची चंची उघडली आणि न सांडता सुपारी कातरली. मी समजलो.

७. पैसे आणि कागदं

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या पेट्रोल गाडीला ४० टक्के. आय२० एन लाइन, व्हेन्यू एन लाइन आणि अल्ट्रोझ रेसर लहान गटात बसतात. व्हर्टस १.० इंजिनाची असली तरी लांबीमुळे मोठ्या गटात जाते.

रोड टॅक्सची पायरीही बघा. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के. गाडी ९ लाख ९० हजारांची असेल तर टॅक्स १,०८,९००. स्पोर्टी व्हर्जन १० लाख २० हजारांचं असेल तर १,२२,४००. किंमत तीस हजारांनी वाढली, टॅक्स साडेतेरा हजारांनी. हे ऑन-रोडच्या चिठ्ठीत कुणी वेगळं करून दाखवत नाही.

विम्यात दोन गोष्टी पक्क्या करा. नेहमीच्या पॉलिसीत फक्त टायर फुटला तर काहीच मिळत नाही. गाडीलाही मार लागला असेल तरच टायरचे पन्नास टक्के मिळतात. आणि प्लास्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात, तर स्पोर्टी गाडीचा अर्धा शृंगार प्लास्टिकचाच असतो. म्हणून झिरो डेप (असा घसारा न कापणारं कव्हर) घ्या आणि खराब रस्ता रोजचा असेल तर टायरचं अ‍ॅड-ऑनही. विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नाही, बाहेरून कोटेशन आणून समोर ठेवा.

लागणारी कागदं: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो. कर्ज काढणार असाल तर नोकरदारांना तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६. शेतीवर कर्ज मागत असाल तर सातबारा आणि आठ-अचे ताजे उतारे, शिवाय आयकर विवरणपत्रं असतील तर ती. सातबारावर जुनं पीककर्ज फेडलेलं असूनही बोजा दिसत असेल तर आधी तलाठ्याकडून तो कमी करून घ्या. माझ्या भावाची फाइल याच कारणाने तीन आठवडे पडून होती.

८. गाडी घरी आल्यावर

डिलिव्हरीआधी दिवसा उजेडात गाडी बघा. चारही अलॉयच्या आतल्या कडा टॉर्चने तपासा, टायरवरचा उत्पादनाचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना तपासायची. मे महिन्यात दुपारी पंपावर तपासली तर तापलेल्या हवेमुळे आकडा जास्त दिसतो, पोरगा हवा सोडतो आणि सकाळी टायर मऊ. मऊ टायर खड्ड्यात रिमपर्यंत दबतो. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप डिकीत ठेवा. एअर फिल्टर धुळीमुळे सर्व्हिसच्या तारखेआधीच भरतो, दर दोन महिन्यांनी उघडून झटका.

पहिल्या पावसात काळ्या चिखलातून गाडी नेली आणि दुसऱ्या दिवशी सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं, तर लगेच बॅलन्सिंगला पळू नका. चिखल रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळतो आणि चाक एका बाजूला जड होतं. आधी चारही चाकं आतून पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन बघा. माझे दोनदा बॅलन्सिंगचे पैसे गेले, तिसऱ्या वेळी शाळेच्या बोअरवर पाइप लावला.